डोक्यावर चार बोटं

मगदूम अण्णांनी गेल्या चार वर्षांत शहाण्णव वेळा नवीकोरी मोटार चालवली. त्यांच्या स्वतःच्या नावावर मात्र एकच वाहन आहे. ते म्हणजे हिरव्या रंगाची सायकल, आणि तिचीही घंटी गेलेली आहे.

शहाण्णव हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. तो अण्णांच्या वहीत आहे, आणि त्यांच्या वहीतला आकडा चुकत नाही. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी मोजणी खात्यात काढली. शिरोळ, हातकणंगले, गडहिंग्लज, जिथं बदली होईल तिथं जाऊन लोकांच्या शेतांचे बांध मोजले. बांधाच्या दोन बाजूंना दोन भाऊ कोयते घेऊन उभे असायचे आणि मधून अण्णा शांतपणे मोजणीची साखळी ओढत जायचे. "मोजल्याबिगार बोलायचं न्हाय," हे त्यांचं तेव्हाचं वाक्य. ते ऐकून म्हणे कोयते खाली व्हायचे. निवृत्तीनंतर कोयते राहिले नाहीत, वाक्य राहिलं. भाजीवालीनं मेथीची जुडी पुढं केली तरी ते "मोजल्याबिगार बोलायचं न्हाय" म्हणतात, आणि ती बाई अण्णांना बघून जुडी आधीच दोन काड्यांनी वाढवून ठेवते.

फुलेवाडी रोडला आमच्या इमारतीत आम्ही शेजारी राहतो. त्यांच्या आणि आमच्या हॉलची भिंत एकच, आणि ती बिल्डरनं फार मनावर न घेता बांधलेली. त्यामुळे अण्णा शिंकले की आमच्याकडे कुणीतरी "शंभर वर्षं" म्हणतं. चार वर्षांपूर्वी एकदा जिन्यात त्यांनी मला अडवलं. पायापासून डोक्यापर्यंत नजर नेली आणि विचारलं, "सर, उंची किती तुमची?"

"पाच फूट अकरा इंच."

"बरोब्बर," ते म्हणाले. मी सांगितलेली माझी उंची बरोबर असल्याबद्दल शाबासकी मिळावी, हे मला जरा विचित्र वाटलं. मग दुसरा प्रश्न आला. "तुमाला नावं ठेवाय येतात न्हवं?"

मी देसाई, इतिहासाचा प्राध्यापक. पन्नास मुलांपुढं उभा राहून मेलेल्या राजांना नावं ठेवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. मी छाती पुढं काढून हो म्हणालो. अण्णा म्हणाले, "मग शनिवारी साडेधाला तयार ऱ्हावा. गाडी बगाय जायाचं हाय."

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कोल्हापुरात गाडी बघायला कुणी एकटं जात नाही. मुलगी बघायला जावं तसे चारपाच जण जातात आणि त्यातला एक जण नाराज असतो. हा नाराज पावणा फार महत्त्वाचा. तो बहुधा मेव्हणा असतो, त्याला काहीच पसंत पडत नाही, शोरूममधला चहासुद्धा. मालक बोलत असतो, पण सेल्समनचं सगळं लक्ष या पावण्याकडं असतं, कारण त्याच्या कपाळावरची आठी गेली की बुकिंग झालं. ज्याच्यासोबत असा पावणा नाही तो माणूस वेळ घालवायला आलेला, हे इथल्या कुठल्याही सेल्समनला नोकरीच्या पहिल्या महिन्यात कळतं.

"गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं असतंय सर," पहिल्याच शनिवारी रिक्षात अण्णांनी मला शिकवलं. "एक गाडी बगून हसतंय. त्ये घेत न्हाय. दुसरं तोंड वाकडं करतंय. त्ये घेतंय. तुमी माझं मेव्हणं. तुमी हसायचं न्हाय."

"आणि किंमत वगैरे विचारायची का?"

"आजिबात न्हाय. किंमत पैल्यांदा इचारतंय त्ये फुकटं. घेणारं डिकी उघडतंय."

अण्णांनी या विषयाचा अभ्यास केला होता. पायात कोल्हापुरी चप्पल, कापशीची, तीही अशी की दारापासून टेबलापर्यंत करकर वाजत गेली पाहिजे. "बिनआवाजाचं माणूस आत आलं तर कुणी पाणीसुदिक इचारत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला दोन पेनं. हातात किल्ल्यांचा जुडगा. हा जुडगा ते टेबलावर असा आपटायचे की सेल्समनला बाहेर दोनतीन ट्रॅक्टर आणि एक जुनी जीप उभी असल्याचा भास व्हावा. त्या जुडग्यात गच्चीच्या दाराची, पाण्याच्या टाकीच्या खोलीची आणि हिरव्या सायकलीच्या कुलपाची किल्ली होती. तीन किल्ल्यांचा एवढा आवाज मी दुसऱ्या कुणाच्या हातून ऐकलेला नाही.

खुर्चीत बसल्यावर अण्णा काही बोलायचे नाहीत. नुसते गाडीकडं बघून हळहळल्यासारखा सुस्कारा सोडायचे. मग सेल्समन सुरू व्हायचा.

"काका, हिला सनरूफ आहे."

"म्हंजे वर भोक?"

"भोक नाही काका, काच. उघडते. वारा येतो."

"आमच्या गावाकडच्या घराला बी हाय आसलं. दोन पावसाळं बुजवालोय."

"बरं, ही गाडी तुम्ही बोललेलं ऐकते. नुसतं सांगायचं, एसी लाव. लावते."

"कन्नड कळतंय काय हिला?"

"नाही काका. इंग्लिश, हिंदी."

"मग आमची अक्का बसल्यावर ही काय ऐकायची, आन् अक्का तरी हिचं काय ऐकायची," असं म्हणून अण्णा माझ्याकडं वळायचे. "पावणं, तुमी काय म्हंताय?"

मग माझी पाळी. सुरुवातीला मी बुजत होतो. पुढं पुढं मला त्यात गोडी लागली, आणि खोटं कशाला बोलू, मी त्यात चांगलाच तयार झालो. एका लाल गाडीबद्दल मी म्हणालो, हिच्या तोंडावर काही भाव नाही. दुसऱ्या एका गाडीच्या मागच्या सीटवर बसून, इथं बसलं की आपल्याला अटक झाल्यासारखं वाटतं, असा शेरा मारला. तो सेल्समननं डायरीत लिहून घेतला. अण्णा ते ऐकून वहीत काहीतरी टिपायचे. माझी वाक्यं लिहून ठेवण्याच्या लायकीची आहेत हे ओळखणारा माणूस शेजारीच राहत होता, याचा मला मनातून आनंद व्हायचा. वर्गात कुणी लिहून घेत नाही.

टेस्ट ड्राइव्हचा रस्ता ठरलेला. शिरोली नाक्यावरून हायवेला, तिथून खाली उतरून उसातल्या गाडीवाटेनं अर्धा किलोमीटर, आणि परत. अण्णा ताशी तीस किलोमीटरनं चालवायचे. हायवेला आमच्या मागं उसाच्या ट्रॉल्या हॉर्न वाजवत यायच्या आणि ओव्हरटेक करताना ट्रॅक्टरवाला वाकून बघायचा की एवढ्या नव्या गाडीला झालंय तरी काय. अण्णांना चालवण्यात फारसा रसच नव्हता. खरं काम गाडी थांबल्यावर सुरू व्हायचं.

उसाच्या कडेला गाडी थांबली की ते खिशातून टेप काढायचे. जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजायचे, डावीकडच्या मागच्या दाराची. मग एक सुतळी निघायची. तिला एक गाठ मारलेली. सुतळीचं एक टोक सीटवर ठेवून गाठ खिडकीच्या काचेच्या वर येते की खाली, हे ते एक डोळा मिटून बघायचे. मग मला मागच्या सीटवर ताठ बसायला सांगायचे आणि माझं डोकं आणि गाडीचं छत यांच्यामध्ये आपला आडवा हात घालायचे. त्यांचं लहानपण कर्नाटकच्या हद्दीवरच्या गावात गेलेलं, त्यामुळे मोजताना तोंडात कन्नडच येतं. "वंदू, येरडू," दोन बोटं. कधी तीन, "मूरू." एका छोट्या गाडीत एकही बोट शिरेना, तेव्हा मला मान वाकडी करून बसावं लागलं होतं, आणि अण्णांना त्या गाडीचा इतका राग आला की परत येताना ते सेल्समनशी बोललेच नाहीत.

हे कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. मोजणी खात्याच्या माणसानं मोजावं, यात विचारण्यासारखं काय आहे? फक्त एकदा गंमत झाली. मी शुक्रवारी संध्याकाळी केस कापून घेतले आणि शनिवारी खाली उतरलो. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"कुणी सांगितलंतं?"

"काय?"

"केस कापाय."

"बायकोनं."

"आज काय जमायचं न्हाय मग," असं म्हणून ते वर निघून गेले. तो शनिवार रद्द. मेव्हण्याच्या डोक्यावर भरपूर केस असले की शोरूममध्ये वजन पडत असेल, असा अर्थ मी काढला आणि पुढं शुक्रवारी केस कापणं सोडलं.

चार वर्षं हे चाललं. कोल्हापूरच्या शोरूम संपल्या की आम्ही जयसिंगपूर, इचलकरंजी करून यायचो आणि तोवर कोल्हापुरातले सेल्समन बदललेले असायचे. पण शेवटी व्हायचं ते झालंच. पावसाळा संपता संपता एका शनिवारी आम्ही हायवेच्या कडेच्या एका मोठ्या शोरूममध्ये शिरलो. चप्पल करकरली, जुडगा आपटला, सुस्कारा झाला. पण सेल्समन येण्याऐवजी घाटगे मॅडम आल्या. या तिथल्या मॅनेजर, चाळिशीच्या, चष्म्यातून नीट बघणाऱ्या.

"अण्णा, चहा घेणार?" त्या म्हणाल्या. "आणि यंदा गाडी घेणार?"

मॅडमनी आपला मोबाइल टेबलावर ठेवला. जिल्ह्यातल्या शोरूमवाल्यांचा एक ग्रुप होता आणि त्यावर कुणीतरी अण्णांचा फोटो टाकला होता. गाडीच्या मागच्या दाराशी उकिडवे बसलेले अण्णा, हातात टेप. खाली लिहिलं होतं, "हे पावणं गाडी घेत नाहीत. माप घेतात. सोबत एक लांबडा मेव्हणा असतो, तो उगाचच बोलतो."

त्यातलं शेवटचं वाक्य मला अन्यायाचं वाटलं, पण ती वेळ माझ्या वाक्यांची बाजू मांडण्याची नव्हती. अण्णांनी फोटो नीट बघितला. चष्मा वर करून पुन्हा बघितला. मग म्हणाले, "टेप सरळ धरलीया. हे बरं झालं."

आणि एवढं बोलून ते एकदम थकल्यासारखे दिसले. मॅडमना वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "तसं नाही अण्णा, पण पेट्रोल लागतं, माणूस अडकतो. खरंच घ्यायची असेल तर मी स्वतः येते तुमच्यासोबत."

"फुडच्या शनिवारी येतो," अण्णा उठले. "ती नवीन आलीया न्हवं, पांढरी, ती काडून ठेवा. पसंत पडली तर तितंच बुकिंग."

जाताना किल्ल्या उचलायच्या राहिल्या. मीच धावत जाऊन आणल्या. रिक्षात पंचगंगेचा पूल मागं पडल्यावर ते म्हणाले, "सर, मी खोटं गिऱ्हाईक न्हाय." मी हसून म्हणालो, "छे, छे." मला वाटलं होतं तेही हसतील. ते हसले नाहीत.

मंगळवारी कॉलेजची बॅग रिकामी करताना त्यात अण्णांची वही सापडली. शनिवारी किल्ल्या उचलताना टेबलावरची वहीही मी बॅगेत टाकली असणार. वही द्यायला शेजारी गेलो तेव्हा अण्णा बाहेर गेले होते. दार अक्कांनी उघडलं. सुमनअक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांचे गुडघे गेलेले, पण चहा केल्याशिवाय माणसाला परत पाठवणं त्यांना अजून जमत नाही. त्या आत गेल्या आणि मी वही उघडली. मला माझी वाक्यं बघायची होती.

वहीत माझं एकही वाक्य नव्हतं. प्रत्येक पानावर गाडीचं नाव, तारीख आणि खाली तीनच रकाने. पहिल्यावर लिहिलं होतं, "अक्का, गुडघा." त्याखाली जमिनीपासून सीटची उंची. दुसऱ्यावर, "आर्वी, खिडकी." तिसऱ्यावर, "सुहास, डोकं." आणि या तिसऱ्या रकान्यात पानोपानी एकच मजकूर होता. "देसाई सर बसवून. दोन बोटं." "देसाई सर बसवून. तीन बोटं." "देसाई सर बसवून. लागतं."

म्हणजे चार वर्षं माझ्या बुद्धीला कुणी बोलावलंच नव्हतं. बोलावलं होतं ते पाच फूट अकरा इंचांना. सुहास हा अण्णांचा मुलगा. हैदराबादला असतो. आर्वी त्याची मुलगी, सहासात वर्षांची. माझा अहंकार त्या वहीत सापडून चांगलाच चेपला, आणि तरीही मला राग आला नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

अक्का चहा घेऊन आल्या. माझ्या हातातली उघडी वही त्यांनी बघितली आणि समोर बसल्या.

"ती सुतळी हाय न्हवं, ती आर्वीची," त्या म्हणाल्या. "खिडकीतनं तिला भायेरचं दिसाय पायजे म्हंत्यात. फोनवर तिची उंची इचारत्यात आन् गाठ वर सरकवत्यात. चार डाव सरकवली."

"गाडी सुहास घेणार आहे?"

"हैदराबादला जाताना म्हणालता, बाबा, गाडी बगून ठेवा, मी आलो की घेऊ. त्यो बोलून गेला. हे बगायला लागलं." अक्कांनी कप माझ्याकडं सरकवला. "आता मलाबी कळतंय, गाडी काय करायची आमाला? ह्यास्नी हायवेला घाम फुटतोय. माझ्यानं पायरी चढवंना. खरं आदी त्याचा फोन आला की काय असायचं? जेवलास काय, पाऊस हाय काय, गोळी घेतली काय. झालं. दोन मिन्टांत 'ठेवू का बाबा' म्हणायचा. हे फोन हातात धरून तसंच बसायचं. गाडीचं निघाल्यापासनं अर्धा अर्धा तास बोलतोय. इंजानचं सांगतोय, भांडतोय बी. ह्यास्नी गाडी नगं सर. ह्यास्नी रविवार पायजे."

भिंतीपलीकडून दर रविवारी सकाळी साडेनऊला अण्णांचा चढलेला आवाज मी चार वर्षं ऐकत होतो. त्या आवाजाबद्दल मी एकदा सोसायटीच्या बैठकीत आडून तक्रारही केली होती. ते आठवून मी कप खाली ठेवला.

"मग आता काय झालं?" मी विचारलं, कारण अक्कांचे डोळे भरून आले होते.

"परवा वैतागला त्यो. त्याचं बी काय चुकलं? चार वर्सं ऐकतोय. म्हणाला, बाबा, या रविवारी एक नाव फायनल सांगा. मी पैसे पाठवतो, गाडी दारात येईल. एकदाचा विषय संपवू." अक्कांनी पदरानं डोळे पुसले. "विषय संपवू म्हणाला. रातभर ह्यास्नी झोप न्हाय."

शनिवारी साडेदहाला अण्णा खाली उभे होते. तेच कपडे, तीच चप्पल. शोरूममध्ये त्यांनी जुडगा टेबलावर आपटला नाही, खिशातच ठेवला. घाटगे मॅडम शब्दाप्रमाणं स्वतः आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. बुकिंगचा फॉर्म त्यांनी सोबतच घेतला होता. पांढरी गाडी हायवेवरून निघाली आणि अण्णा त्या दिवशी ताशी पंचवीसनं चालवत होते.

उसाच्या कडेला गाडी थांबली. अण्णांनी टेप काढली. मागचं दार उघडून जमिनीपासून सीटपर्यंत मोजलं, आणि पुन्हा मोजलं. अक्कांना हवी तेवढीच उंची होती, ना वर ना खाली. मग सुतळी. गाठ काचेच्या वर आली, चांगली वर. आर्वीला उसाचे तुरेसुद्धा दिसले असते. अण्णांनी सुतळी हळूहळू गुंडाळून खिशात ठेवली. मला म्हणाले, "बसा."

मी मागं ताठ बसलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात आडवा घातला. माझ्या कानाशी त्यांचा श्वास लागत होता. "वंदू. येरडू. मूरू." थांबले. मग अगदी हळू, "नाक्कू."

चार बोटं. शहाण्णव गाड्यांत चार बोटं कधी शिरली नव्हती.

हात काढून घेतल्यावर ते तसेच दाराशी उभे राहिले. मॅडम पुढून वळून म्हणाल्या, "मग अण्णा? फॉर्मवर नाव काय घालू?" अण्णांनी वही उघडली, पेन काढलं, आणि लिहीनात. अक्कांचा रकाना भरला. आर्वीचा भरला. तिसऱ्यावर पेन टेकवून ते उभे. हा माणूस कोयत्यांच्या मधून साखळी ओढत गेला होता आणि चौतीस वर्षांत त्यानं एक बोटही इकडचं तिकडं लिहिलं नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"पावणं," ते म्हणाले. "बोला की."

मला एरवी वाक्यं सुचायला वेळ लागत नाही. त्या दिवशी एकही झकास वाक्य सुचलं नाही. मी सीटवर जरा वर सरकलो, पाठीला ताण दिला, मान उंच केली आणि म्हणालो, "अण्णा, डोकं लागतंय."

"लागतंय?"

"चांगलंच लागतंय. खड्ड्यात गेली की आपटणार. हैदराबादपर्यंत असं कसं बसायचं माणसानं?"

हैदराबादचं नाव माझ्या तोंडून निघायला नको होतं. अण्णांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. चार बोटं त्यांनी एकदा जुळवली, एकदा सोडली. मग वही गाडीच्या टपावर ठेवली आणि सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं. मी बसल्या जागेवरून वाचू शकत नव्हतो, पण लिहायला लागलेला वेळ "चार बोटं" या शब्दांपेक्षा कमी होता.

घाटगे मॅडमनी माझ्या डोक्याकडं बघितलं, मग छताकडं बघितलं. मला वाटलं आता त्या हातानं मोजतात की काय. त्यांनी फॉर्मची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "खरंय," त्या म्हणाल्या. "उंच माणसाला अडचणच आहे. बघू, पुढं काही आलं तर कळवते." परत जाताना गाडी त्यांनी चालवली आणि शोरूममध्ये आम्हाला चहा मिळाला. त्याला मी नाव ठेवलं नाही.

रविवारी साडेनऊला मी मुद्दाम भिंतीजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसलो. बायकोनं टीव्ही लावला, तो मी बंद केला. फोन वाजला. जेवणाचं झालं, पावसाचं झालं, गोळीचं झालं. मग अण्णांचा आवाज चढला.

"आरं समदं बेस हाय, खरं डोकं लागतंय!... आरं कसं म्हंजे? देसाई सरास्नी बसवून बगितलंय. त्येंचं लागलं म्हंजे तुजं लागणारच... व्हय, बुकिंग करायच्या बेतातच हुतो... कोण म्हंतंय शोरूमवाले सांगत्यात तसं? मी सोता मोजलंय! मोजल्याबिगार बोलतोय काय मी?"

पलीकडून सुहास काहीतरी बोलत असावा. अण्णांचा आवाज जरा खाली आला. "सोता बसून बगतो म्हंतोस? ... ये की. दिवाळीला ये. आर्वीला बी आन... न्हाय, न्हाय, तोवर मी काय फायनल करत न्हाय. तू बसल्याबिगार कशाला फायनल?"

दिवाळीला सुहास येईल की नाही, मला माहीत नाही. याआधीही तो दोनदा येणार होता. पण त्या रविवारी फोन चाळीस मिनिटं चालला. पेपर माझ्या हातात तसाच होता, पहिल्या पानावर. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती आणि डोळ्यांत काय गेलंय असं विचारत होती. मी पंख्याची धूळ म्हणालो.

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात अण्णा. हातात डबा, त्यात अक्कांनी केलेले धपाटे. डबा माझ्या हातात दिला. आपल्या दाराकडं वळले, दोन पावलं गेले आणि थांबले.

"शनिवारी मोकळं हाय न्हवं, सर? इचलकरंजीला एक नवीन आलीया."

"आहे की."

त्यांनी मान वर करून माझ्या डोक्याकडं नीट बघितलं.

"मग साडेधाला खाली या," ते म्हणाले. "आन् दिवाळीपतोर केस कापू नगा."